काव्हाये-कॉल यांचा ऑर्गन-कारखाना

संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळांत महाराष्ट्रांतील रसिकाला 'ऑर्गन' या शब्दाची ओळख झाली ती रंगमंचासमोर ठेवलेल्या एका भारदस्त पेटीमुळें. बालगंधर्वांच्या नाटक मंडळींतील ऑर्गनचे सूर ज्या पिढीनें ऐकले, ती पिढी त्याच्या आठवणी पुढें कित्येक वर्षें सांगत राहिली. परंतु नाटकगृहांतील तो ऑर्गन म्हणजे, खरें पाहतां, पायपेटीचाच थोरला भाऊ होय. पायांनीं भाता चालवावयाचा आणि हवेच्या झोतानें पितळेच्या पातळ जिभा थरथरवावयाच्या, हीच त्याची युक्ति. युरोपांतील मोठमोठ्या चर्चांतून जो ऑर्गन असतो त्याची जात निराळी. त्याचा स्वर मुख्यतः नळ्यांतून, म्हणजे बांसरी ज्या तत्त्वावर वाजते त्याच तत्त्वावर, उत्पन्न होतो. कांहीं नळ्यांच्या बुडाशीं मात्र सनईसारखी जीभ असते. एका स्वराला एक नळी. आणि त्या एकाच स्वराचे दहा वेगवेगळे रंग हवे असतील तर त्याच्या दहा नळ्या. अशा रीतीनें नळ्यांची संख्या हजारांवर जाते. सर्वांत मोठी बत्तीस फूट, तर सर्वांत लहान करंगळीपेक्षांही आंखूड. त्यांना वारा पुरविणारे भाते, तो वारा वांटून देणाऱ्या लांकडी वायुपेट्या, पट्टी दाबतांच उघडणाऱ्या झडपा, आणि नळ्यांची एकेक रांग चालू किंवा बंद करणाऱ्या, 'स्टॉप' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खुंट्या, हें सारें मिळून जी वस्तु तयार होते तिला वाद्य म्हणावें कीं इमारत म्हणावें असा प्रश्न पडतो.

अशी वस्तु एकटा कारागीर घडवूं शकत नाहीं. त्याला सुतार लागतात, कथील व शिसें वितळवून त्यांचे पत्रे ओतणारे लागतात, कातडें बसविणारे लागतात. आणि शेवटीं प्रत्येक नळीच्या ओठाशीं बारीक कोरकाम करून तिच्याकडून हवा तोच आवाज काढून घेणारा एक तीक्ष्ण कानाचा माणूस लागतो. म्हणून हा धंदा पूर्वींपासून घराण्यांचा व कारखान्यांचा आहे. त्याचें आणखी एक वैशिष्ट्य असें कीं, चांगला ऑर्गन दोन-तीनशें वर्षें टिकतो, पण त्याचें कातडें विरतें, लांकूड तडकतें, नळ्यांत धूळ बसते. बांधणारा तर त्याआधींच गेलेला असतो. तेव्हां प्रत्येक पिढीला आपल्या आधींच्या पिढीच्या कामाच्या पोटांत हात घालावा लागतो. जुन्यांतलें काय राखावें, काय टाकावें, आणि सुधारणा या नांवाखालीं किती ढवळाढवळ करावी, हा या धंद्यांतला खरा अवघड प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकांत साऱ्या युरोपांत नांव मिळविलेल्या, पॅरिसच्या काव्हाये-कॉल यांच्या कारखान्याची हकीकत या प्रश्नाभोंवतींच फिरते.

घराणें मूळचें दक्षिण फ्रान्समधलें. आजोबा झां-प्येर काव्हाये हे ऑर्गन बांधण्याच्या कामानिमित्त पिरनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्यें गेले, आणि बार्सिलोना येथें कॉल घराण्यांतील मुलीशीं त्यांनीं लग्न केलें. बाप आणि आई या दोघांचींही आडनांवें लावण्याची स्पेनमधील चाल. तिला अनुसरून त्यांचे चिरंजीव दोमिनिक हे काव्हाये-कॉल झाले. दोमिनिक यांनींही पिरनीजच्या दोन्ही बाजूंना हाच धंदा केला. त्यांचे धाकटे चिरंजीव आरिस्तीद यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८११ रोजीं माँपेल्ये येथें झाला. तो काळ फ्रान्समधील ऑर्गनांच्या दृष्टीनें मोठा कठीण होता. १७८९ च्या राज्यक्रांतीच्या धामधुमींत चर्चांची मालमत्ता सरकारजमा झाली. कित्येक ऑर्गन विकले गेले, कित्येकांच्या नळ्या केवळ धातूच्या लोभानें वितळविल्या गेल्या. जे उरले ते मोडकळीस आले होते. अशा वेळीं तरुण आरिस्तीदच्या वाट्याला जें शिक्षण आलें तें अर्थातच बरेंचसें दुरुस्तीचें होतें. पुढच्या आयुष्यांतील त्याची दृष्टि या शिक्षणानें घडली असें म्हणावयास हरकत नाहीं.

तुलूझ शहरीं असतांना या बापलेकांनीं एक लहानसें वाद्य तयार केलें. त्यांत नळ्या नव्हत्या. होत्या त्या पितळेच्या जिभा. वाऱ्याचा दाब पायानें कमीजास्त करून आवाज लहानमोठा करण्याची त्यांत सोय होती. ग्रीक भाषेंतील 'विविधरंगी' या अर्थाच्या शब्दावरून त्याला 'प्वाकिलॉर्ग' असें नांव दिलें होतें. १८३२ सालीं प्रसिद्ध संगीतकार रोसिनी तुलूझला आला असतां त्यानें हें वाद्य पाहिलें. मायरबेअरच्या 'रोबेर ल दियाब्ल' या संगीतिकेंत चर्चच्या ऑर्गनचा प्रसंग आहे, आणि नाटकगृहांत ऑर्गन कोठून आणावा ही अडचण होती. ती या वाद्यानें भागविली. रोसिनी इतका प्रसन्न झाला कीं त्यानें आरिस्तीदला पॅरिसला जाण्याचा सल्ला दिला. येथें एक गोष्ट सहज नमूद करण्यासारखी आहे. पॅरिसमध्येंच अलेक्सांद्र दबॅं यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. आणि तीच पेटी हिंदुस्थानांत येऊन, पायांऐवजीं हातानें भाता मारावयास शिकून, मराठी घरोघर पोंचली. प्वाकिलॉर्ग हा या पेटीच्याच कुळांतील एक वडीलधारा. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीला दाराबाहेर काढलें व ती बंदी सुमारें तीस वर्षें टिकली, हा भाग निराळा.

१८३३ च्या शरदृतूंत आरिस्तीद पॅरिसला पोंचला तेव्हां त्याचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. फ्रान्सच्या राजांचें दफनस्थान असलेल्या सॅं-देनी येथील मठ-मंदिरासाठीं मोठा ऑर्गन बांधावयाचा होता, आणि नामांकित कारागिरांकडून योजना मागविलेल्या होत्या. मुदत संपत आलेली. या परगांवच्या मुलानें कांहीं दिवसांत नकाशे व अंदाजपत्रक तयार करून सादर केलें आणि काम त्याच्या घराण्याला मिळालें. सारें कुटुंब तुलूझ सोडून पॅरिसला आलें. मंदिराच्या इमारतीचेंच काम रेंगाळल्यामुळें ऑर्गन पुरा व्हावयास १८४१ साल उजाडलें. परंतु ही दिरंगाई इष्टापत्ति ठरली, कारण मधल्या काळांत चार्ल्स बार्कर हा इंग्रज त्याला भेटला.

बार्करची युक्ति समजण्यासाठीं घरच्या पेटीचाच दाखला पुरे. कपलर लावतांच पेटीच्या पट्ट्या जड होतात हें ती वाजविणाऱ्या कोणालाही ठाऊक असतें; कारण एका बोटाला एकाऐवजीं दोन झडपा उघडाव्या लागतात. चर्चच्या ऑर्गनमध्यें तर एका पट्टीला पांच-पांच, सहा-सहा झडपा जोडलेल्या असत आणि त्यांवर वाऱ्याचा दाब असे. त्यामुळें पूर्ण आवाजांत वाजवितांना वादकाला अक्षरशः घाम फुटे, आणि जलद तानेची तर गोष्टच नको. बार्करनें प्रत्येक पट्टीच्या मागें एक छोटासा भाता बसविला. बोटानें फक्त त्या भात्याची इवलीशी झडप उघडावयाची. वारा आंत शिरून भाता फुगे आणि तोच पुढचें सारें ओझें ओढी. म्हणजे ज्या वाऱ्यानें आजवर बोटाला अडविलें तोच आतां बोटाचा नोकर झाला. ही कल्पना घेऊन बार्करनें इंग्लंडांतील ऑर्गन बांधणाऱ्यांचीं दारें ठोठावलीं होतीं. तेथें त्याला कोणीं दाद दिली नाहीं. काव्हाये-कॉल यांनीं तिचें मोल एका भेटींत ओळखलें.

सॅं-देनीच्या ऑर्गनांत आणखीही नव्या गोष्टी होत्या. माणसाच्या गळ्याला तारसप्तकासाठीं अधिक जोर लावावा लागतो. त्याप्रमाणें वरच्या स्वरांच्या नळ्यांना अधिक दाबाचा वारा देण्याची योजना त्यांत केली होती. बांसरीच्या जातीच्या कांहीं नळ्या नेहमीच्या दुप्पट लांबीच्या करून त्यांच्या मध्यावर बारीक भोंक पाडलें होतें. अशी नळी जोरानें फुंकली असतां वरच्या सप्तकांतला स्वर देते आणि तो अधिक गोल व भरीव येतो. शिवाय नळ्यांचा एक संच झडपांच्या खोलींत कोंडलेला असे. वादकानें पायानें झडपा उघडल्या कीं आवाज फुलत जाई, मिटल्या कीं दूर गेल्यासारखा वाटे. जुन्या ऑर्गनचा आवाज पायऱ्यापायऱ्यांनीं चढे; हा लाटेसारखा चढूं लागला.

या नव्या आवाजानें नवें संगीत जन्माला घातलें. सेंत-क्लोतिल्द येथील १८५९ सालच्या ऑर्गनवर सेझार फ्रांक हा वादक होता, आणि त्याच्या ऑर्गन-रचना या वाद्याच्या स्वभावांतूनच उगवल्या. कारागीर पुढें आणि संगीतकार त्याच्या मागें, असा प्रकार संगीताच्या इतिहासांत वारंवार घडत नाहीं.

तथापि या कारखान्याची खरी कसोटी नव्या बांधणींत नव्हे, तर पॅरिसच्या सॅं-सुल्पीस चर्चमध्यें लागली. तेथें फ्रान्स्वा-आंरी क्लिको या थोर कारागिरानें १७८१ सालीं बांधलेला ऑर्गन होता. मधल्या काळांत तो दुसऱ्या एका कंपनीकडे दुरुस्तीला दिला असतां, त्या कंपनीच्या लुई कालिने नांवाच्या भागीदारानें पैशाच्या वादांतून संतापून स्वतःच केलेल्या कामाची मोडतोड केली होती. असें हें दुखणाईत वाद्य काव्हाये-कॉल यांच्या हातीं आलें. त्या काळची रीत अशी कीं, जुन्या नळ्या वितळवाव्या आणि नव्या ओताव्या. त्यांत कारखानदाराचाच फायदा. आरिस्तीद यांनीं तसें केलें नाहीं. क्लिकोच्या नळ्यांचा मोठा भाग त्यांनीं राखला, त्यांना नव्या वायुपेट्यांवर मानानें जागा दिली, आणि त्यांच्या आवाजाशीं जुळेल अशा रीतीनें आपल्या नळ्या त्यांच्या शेजारीं उभ्या केल्या. १८६२ सालीं तो ऑर्गन पुन्हां वाजूं लागला तेव्हां त्याला शंभर स्टॉप, पांच पट्ट्यांच्या ओळी आणि जवळजवळ सात हजार नळ्या होत्या. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. क्लिकोच्या नळ्या त्यांनीं राखल्या, क्लिकोचा ऑर्गन राखला नाहीं. त्याचे भाते, त्याची यंत्ररचना, त्याचा वारा, हें सर्व बदललें. तें योग्य होतें काय, या प्रश्नाचें उत्तर १८६२ सालीं कोणींच मागितलें नाहीं. कारण परिणाम इतका भव्य होता.

या ऑर्गनवर १८७० सालीं शार्ल-मारी विदोर या पंचवीस वर्षांच्या तरुणाची नेमणूक झाली, तीही काव्हाये-कॉल यांच्या आग्रहानें आणि तात्पुरती म्हणून. ती नेमणूक कायम करावयाचें कोणाच्या लक्षांत राहिलें नाहीं असें सांगतात. आणि तात्पुरते विदोर तेथें चौसष्ट वर्षें वाजवीत राहिले!

त्याच १८६२ सालीं या कारखान्याचें नांव निराळ्याच ठिकाणीं आलें. लिओं फूको हा शास्त्रज्ञ प्रकाशाचा वेग मोजण्याच्या प्रयोगांत गुंतला होता. त्याला वेगानें फिरणारा आरसा हवा होता, आणि त्याची गति यत्किंचितही बदलूं नये अशी अट होती. आरसा हवेच्या झोतानें फिरवावयाचा. पण इतका एकसारखा झोत देईल असा भाता कोठला? तो काव्हाये-कॉल यांनीं करून दिला. ऑर्गनमध्यें वारा तसूभर हलला तर स्वर थरथरतो. त्यामुळें वाऱ्याला स्थिर ठेवण्याची विद्या या घराण्याच्या हाडींमाशीं खिळलेली होती. फूकोनें या प्रयोगांत सेकंदाला २,९८,००० किलोमीटर हा वेग काढला, आणि तो आजच्या मान्य आंकड्याच्या अगदीं जवळ आहे.

कारखान्याची कीर्ति वाढत गेली. १८६८ सालीं नोत्र-दाम या पॅरिसच्या मुख्य मंदिरांतील ऑर्गन नव्यानें उभा राहिला. त्याच वर्षीं कारखाना आव्हन्यू द्यु मेन या रस्त्यावरच्या प्रशस्त जागेंत गेला. तेथें एक उंच दिवाणखाना होता. बांधलेला ऑर्गन आधीं त्यांत उभा करून वाजवून पाहावयाचा, जाणकारांना ऐकवावयाचा, आणि मग सुटा करून गांवोगांव धाडावयाचा. इंग्लंडांतील शेफील्ड व मँचेस्टर येथून मागण्या आल्या. १८७८ च्या प्रदर्शनासाठीं त्रोकादेरो येथील सभागृहांत मोठा ऑर्गन बसला. रोम येथील सेंट पीटरच्या मंदिरासाठीं एका प्रचंड ऑर्गनची योजनाही आरिस्तीद यांनीं आंखली. ती मात्र कागदावरच राहिली.

एवढें असून तिजोरी रिकामी! याचें कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. काम मनासारखें उतरेपर्यंत तें हातावेगळें करावयाचें नाहीं, आणि करारांत नसलेली सुधारणा सुचली तर ती पदरमोड करून करावयाची, हा त्यांचा खाक्या. ऑर्गनच्या धंद्यांत एकेक काम वर्षानुवर्षें चालतें. पैसे हप्त्यांनीं येतात, आणि कारागिरांचा पगार तर दर आठवड्याला द्यावा लागतो. चर्चांच्या समित्या पैसे देण्यांत सर्वच देशांत सावकाश असतात. कर्ज सांचत गेलें. अखेर १८९८ सालीं, वयाच्या सत्याऐंशींव्या वर्षीं, आरिस्तीद यांना आपला कारखाना शार्ल म्यूतॅं या आपल्याच जुन्या शिष्याच्या स्वाधीन करावा लागला. पुढच्याच वर्षीं, १३ ऑक्टोबर १८९९ रोजीं, ते वारले. पॅरिसच्या माँपार्नास दफनभूमींत त्यांची समाधि आहे. जवळजवळ पांचशें ऑर्गन त्यांच्या नांवावर जमा होते. दौलत कांहीं नव्हती. 'हिशेबांत कच्चा' असा शेरा त्यांच्यावर मारणें सोपें आहे. परंतु हिशेबांत पक्क्या असलेल्या त्यांच्या समकालीनांपैकीं कितीकांचीं वाद्यें आज ऐकावयास लोक मुद्दाम प्रवास करतात, हाही हिशेब पाहिला पाहिजे.

म्यूतॅं यांनीं जुनें नांव पुढें चालविलें. मॉस्को येथील संगीत-विद्यालयाच्या मोठ्या दालनांत १९०१ सालीं वाजूं लागलेला ऑर्गन हा याच कारखान्याचा. परंतु १९२४ सालीं म्यूतॅं यांनींही कारखाना दुसऱ्याच्या हातीं दिला, आणि मालक बदलत बदलत तो हळूहळू विझला.

कारखाना संपला, तरी वाद मात्र तेथूनच सुरू झाला. आफ्रिकेंतील रुग्णसेवेमुळें जगाला परिचित झालेले डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर हे तरुणपणीं विदोर यांचे शिष्य होते आणि वृद्ध काव्हाये-कॉल यांनाही त्यांनीं पाहिलें होतें. १९०६ सालीं त्यांनीं जर्मन व फ्रेंच ऑर्गन-बांधणीवर एक पुस्तिका लिहिली. कारखानी पद्धतीचे, नुसता मोठा आवाज करणारे नवे ऑर्गन बसविण्यासाठीं जुने गुणी ऑर्गन मोडीत काढूं नका, असा तिचा रोख होता. आणि चांगल्या बांधणीचा आदर्श म्हणून त्यांनीं काव्हाये-कॉल यांच्याकडे बोट दाखविलें. स्त्रासबूर येथील सेंट थॉमस चर्चमधील झिल्बरमान याचा १७४१ सालचा ऑर्गन वांचला तो श्वाइट्झर यांच्या खटपटीनें. परंतु जुन्याच्या प्रेमाची ही लाट पुढें इतकी वाढली कीं, तिला बाखच्या काळाखेरीज दुसरें कांहीं जुनें दिसेना. एकोणिसाव्या शतकाचे ऑर्गन जाड आवाजाचे, बेढब, अशुद्ध ठरले. ज्या विचाराच्या मुळाशीं काव्हाये-कॉल यांचा गौरव होता, तोच विचार पुढच्या पिढीच्या हातांत त्यांच्याच वाद्यांवर चालणारी कातर बनला.

फ्रांकच्या सेंत-क्लोतिल्दमधील ऑर्गनांत १९३३ सालीं भर घालण्यांत आली आणि १९६२ सालीं त्याची जुनी यंत्ररचना काढून विजेची बसविण्यांत आली. त्रोकादेरोचा राजवाडा १९३५ सालीं पाडला. तेथील ऑर्गन नव्या रूपानें शायो येथील सभागृहांत गेला आणि १९७७ सालीं लियोंला जाऊन स्थिरावला. नोत्र-दामच्या ऑर्गनमध्यें प्येर कोशरो या अलौकिक वादकाच्या कारकीर्दींत, विशेषतः १९६० नंतर, पट्ट्यांपासून झडपांपर्यंतचा सारा यांत्रिक मार्ग विजेच्या तारांनीं बदलला आणि नव्या नळ्यांची भर पडली. या सर्वांना दोष देणें अन्यायाचें होईल. काव्हाये-कॉल यांनीं क्लिकोच्या बाबतींत जें केलें तेंच त्यांच्या बाबतींत झालें. ज्यांनीं केलें त्यांनाही आपण वाद्याचें भलेंच करीत आहों असें वाटत होतें. फरक असेल तर इतकाच कीं, जुन्या नळीचा आवाज आधीं कान देऊन ऐकावा आणि मग हात चालवावा, ही शिस्त प्रत्येकानें सारखीच पाळली नाहीं. सॅं-सुल्पीसचा ऑर्गन मात्र बहुतेक जसाच्या तसा राहिला. विदोर आणि त्यांच्या मागून आलेले मार्सेल द्युप्रे, अशा दोघांच्याच हातीं तो शंभर वर्षें होता, आणि दोघांनाही तो फारसा बदलावा असें वाटलें नाहीं, हें त्याचें भाग्य. १९८८ ते १९९१ या काळांत त्याचा जीर्णोद्धार झाला तेव्हां कारागिरांसमोर मूळ वाद्य उभें होतें.

१५ एप्रिल २०१९ रोजीं नोत्र-दामला आग लागली. छप्पर कोसळलें, मनोरा पडला. पश्चिमेच्या बाजूचा मोठा ऑर्गन जळाला नाहीं, परंतु छपरांतील शिशाची विषारी धूळ त्याच्या सुमारें आठ हजार नळ्यांवर व आंतबाहेर सर्वत्र बसली. २०२० सालीं तो सुटा करण्यांत आला, आणि त्याचे भाग निरनिराळ्या कार्यशाळांतून स्वच्छ होऊं लागले. येथें पुन्हां तोच जुना प्रश्न उभा राहिला. एवढें सारें उलगडलेंच आहे, तर विसाव्या शतकाची भर काढून १८६८ चा ऑर्गन परत आणावा काय? तसें केलें नाहीं. आगीच्या आदल्या दिवशीं जो ऑर्गन होता तोच परत उभा करावयाचा असें ठरलें.

नळ्या जागेवर परतल्या, तरी त्यांचा आवाज जुळविण्याचें काम उरलें होतें, आणि त्याला शांतता हवी. दिवसा मंदिरांत शेकडों गवंडी-सुतारांची ठोकाठोक चालू असे. म्हणून २०२४ सालीं महिनेच्या महिने रात्रीं हें काम चाललें. एक जण खालीं पट्टी धरून बसे, दुसरा वर नळ्यांच्या जंगलांत हत्यार घेऊन उभा राही. एक नळी झाली कीं दुसरी. ७ डिसेंबर २०२४ रोजीं मंदिर पुन्हां उघडलें तेव्हां हा ऑर्गन वाजला. त्यांत अठराव्या शतकांतील नळ्या होत्या, काव्हाये-कॉल यांच्या होत्या, कोशरोच्या काळांतल्या होत्या. आणि त्या सर्वांना वारा एकाच ठिकाणाहून मिळत होता.